पहिला वास

बिअर प्यायल्यावर कुणी गातं, कुणी भांडतं, कुणी जुन्या मित्राला फोन लावून रडतं. आम्ही परीक्षण लिहायचो. आधी वास, मग रंग आणि फेस, मग चव, मग घोट गिळल्यावर जिभेवर काय उरलं ते, आणि शेवटी दहापैकी गुण. बायको म्हणायची, "लोकांचे नवरे पिऊन गटारात पडतात, माझा पिऊन पेपर तपासायला बसतो." हे कौतुक होतं की टोमणा, ते मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन्ही आहे म्हणाली असती.

मी खोपोलीत राहतो, शिळफाट्यापासून चालत दहा मिनिटांवर. नोकरी रसायनीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. आमच्याकडे यंत्रं आहेत, पण नमुना यंत्राला लावायच्या आधी माणसानं बाटलीचं बूच काढून एकदा वास घ्यायचा, ही आमच्या लॅबची जुनी रीत. सुरक्षा खात्याची माणसं त्यावर कपाळाला आठ्या घालायची, तरी रीत चालू होती. बाटलीला नाक लावायचं नाही. तळहातानं वारा आपल्याकडे ओढायचा, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे नाक पुन्हा कोरं होतं. ड्रम बदललाय, पाणी शिरलंय, आधीचा माल नीट धुतला गेला नाही, हे मी यंत्राच्या आधी सांगायचो. माझं नाक चांगलं होतं. हे मी गर्वानं सांगतोय, आणि गर्व करण्यासारखं दुसरं माझ्याजवळ फारसं नव्हतं.

त्या नाकामुळेच मी गटात शिरलो. फोनवरचा गट, सगळे मराठीतून लिहिणारे. शिवाय त्यांचं एक पान होतं, तिथे प्रत्येक बिअरपुढे सगळ्यांच्या गुणांची सरासरी दिसायची. कोल्हापूरच्या एक बाई होत्या, शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि शाळेत बभ्रा नको म्हणून टोपणनावानं लिहायच्या. ठाण्याचे एक निवृत्त बँकवाले होते, ते प्रत्येक वाक्याला क्रमांक घालायचे. बाकीचे असेच, आपापल्या गावी एकटे पिणारे. माझी पहिली दोन-तीन परीक्षणं वाचून बाईंनी लिहिलं, "तुम्ही लिहिलेला वास मला वाचताना आला." एवढ्या वर्षांत कारखान्यात मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी तो निरोप बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आता जमिनीवर पाय ठेवा, फरशी पुसलीय."

हळूहळू गटात एक प्रथा पडली. नवी बिअर आली की पहिला वास मी घ्यायचा. माझं लिहून झाल्याशिवाय बाकीचे लिहायचे नाहीत. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, आठवत नाही. नावच पडलं, 'पहिला वास'. लग्नात मानाच्या व्याह्यानं पहिला घास घेतल्याखेरीज पंगत जेवत नाही, तसं ते होतं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मान मिळतो तेव्हा कुणालाच वाटत नाही.

अशा गटांचा काही उपयोग नसतो असं आता कुणी म्हटलं, तर मी आजही भांडेन. आधी आम्ही शनिवारी कारखान्यातली चौघं बारमध्ये बसायचो. बर्फासारखी गार बिअर, तिखट चकणा, आणि जिभेला काही कळायच्या आत तिसरी बाटली. गटात आल्यावर मी एक बाटली दीड तास पिऊ लागलो. ग्लास साबणानं धुवायचा नाही, फेस मरतो, हे मला तिथेच कळलं. बाटलीवरची भरल्याची तारीख वाचायला तिथेच शिकलो. आमच्या भागातला एक दुकानदार क्रेट उन्हात ठेवायचा. त्याबद्दल मी लिहिलं तेव्हा आधी त्यानं मला चार शब्द सुनावले आणि मग क्रेट आत घेतले. मुख्य म्हणजे लाज गेली. आमच्या घरी 'दारू' हा शब्द आवाज उतरवून बोलायचा असतो. गटात आम्ही बिअरबद्दल तसंच बोलायचो जसं लोक आंब्याबद्दल बोलतात. या सगळ्याचं ऋण मी नाकारणार नाही.

पण गुण आले की कुरघोडी आली. लोक प्यायला मिळावं म्हणून लिहीत होते ते लिहायला मिळावं म्हणून पिऊ लागले. कुणी बाटलीचा नुसता फोटो पाहून सहा गुण द्यायचा. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे कडक लिहिलं की माणूस प्रामाणिक, असा समज. आठ गुण दिले की 'ओळखीचा दिसतोय' अशी कुजबुज, तीन दिले की टाळ्या. या टाळ्यांची चटक मला इतरांपेक्षा जास्त होती.

आता ज्याच्यामुळे हे सगळं सांगतोय त्याच्याबद्दल. तो लोधिवलीचा. आमच्या लॅबमध्ये माझ्या हाताखाली बारा वर्षं होता. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मला 'दादा' म्हणायचा. वास घ्यायला त्याला मी शिकवलं, बाहीसकट. पहिल्या वर्षी तो सगळं बरोबर सांगायचा आणि सांगून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघायचा. मी मान हलवली की वहीत लिहायचा. पुढे त्याचं नाक माझ्या तोडीचं झालं, पण माझ्या तोंडाकडे बघायची सवय गेली नाही. मला ती सवय आवडायची. तेव्हाच मोडायला हवी होती.

कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा तो गेला. दोन वर्षं कुठे कुठे शिकला, मग चौक-कर्जत रस्त्याला एक शेड भाड्यानं घेतली आणि बिअर बनवायला लागला. परवान्यासाठी किती उंबरे झिजवले ते त्यालाच माहीत. त्याची बिअर घरच्या तांदळाची होती, बाप-आजाच्या खाचरातल्या. त्यात धणे भरडून घातलेले आणि लिंबाची साल. कर्जतकडच्या एका रिसॉर्टशी त्याचं बोलणं झालं होतं. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिथे येतात, त्यांना इथलं काहीतरी हवं असतं. रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला होता, आधी तुमच्या त्या पानावर गुण येऊ देत, मग बघू.

म्हणून एका रविवारी सकाळी तो मोटारसायकलवरून माझ्याकडे आला. मागे थर्माकोलची पेटी बांधलेली, आत बर्फात दोन बाटल्या.

"दादा, अजून कुनाला दिली नाय," तो म्हणाला. "पयला वास तुमचा."

त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की माझ्या बायकोनं न विचारता त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढले.

मी तेव्हा त्याला काय सांगायला हवं होतं ते सांगतो. मला पाच महिने वास येत नव्हता.

साथ ओसरली असं सगळे म्हणत होते तेव्हा मला दुसऱ्यांदा ताप आला होता. ताप गेला, खोकला गेला, वास परत आला नाही. त्या आजारपणात गटातली माणसं रोज फोन करायची. ठाण्याच्या बँकवाल्यांनी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र कुरियरनं पाठवलं. कोल्हापूरच्या बाई बायकोशी अर्धा अर्धा तास बोलायच्या. सख्ख्या भावानं एवढं केलं नाही. बरा झाल्यावर बाईंनी विचारलं, "वास येतो ना हो?" आणि मी म्हणालो, "येतो की." त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे वास गेला हे कळलं की पहिल्या वासाचा मान दुसऱ्याला जाईल, याची मला भीती वाटली होती.

कारखान्यात यंत्रानं भागत होतं. मी बूच काढायचो, हातानं वारा ओढायचो, बाहीशी नाक न्यायचो आणि यंत्राचा आकडा येईपर्यंत गप्प राहायचो. गटात तर त्याहून सोपं होतं. बाजारातल्या बिअरींचे वास मला पाठ होते. बाटली समोर ठेवून आठवणीतून लिहायचो. त्या काळात लिहिलेली परीक्षणं लोकांना जास्तच आवडली. तिथेच मला समजायला हवं होतं की आम्ही एकमेकांचं काय वाचतो आणि काय चाखतो.

त्याची बिअर मात्र आठवणीत नव्हती. ती आधी कुणी प्यायलंच नव्हतं.

गटाचे दोन नियम होते. बनवणारा खोलीत नको, आणि लिहायच्या आधी बनवणाऱ्याला काही कळवायचं नाही. आधी फोन केला म्हणजे परीक्षण विकलं, असं आम्ही मानायचो. तो गेल्यावर मी ग्लास मिठाच्या पाण्यानं धुतला, पालथा घालून वाळवला, बिअर ओतली. फेस सुरेख आला. धुकट पिवळा रंग. मी नाक जवळ नेलं, काही येणार नाही या खात्रीनंच.

आणि वास आला. घाण वास. जळलेल्या प्लॅस्टिकचा, त्याच्याखाली सडक्या कांद्याचा. एवढा स्पष्ट की मी मान मागे घेतली. आणि मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदानं. पाच महिन्यांनी वास येत होता! मी पुन्हा पुन्हा नाक घातलं. तोच वास. नाक परत आलं होतं, आणि पहिल्याच झटक्याला त्यानं दोष पकडला होता. मला वाटलं, बघा, अजून आपण आहोत.

मी एका बैठकीत लिहून काढलं. इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. जळकट वासाचे तीन पदर वेगळे केले. धणे करपले असतील, नाहीतर पाइप नीट धुतले नसतील, असा अंदाज दिला. दहापैकी तीन. शेवटी लिहिलं की बनवणारा माझा जुना सहकारी आहे, धाकट्या भावासारखा आहे, पण ओळखीला इथे सूट नाही. त्या वाक्यावर तर टाळ्यांचा पाऊस पडला. 'याला म्हणतात प्रामाणिकपणा.' उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक म्हणतात. मी तर जीभही नीट लावली नव्हती.

त्याचा निरोप आला. "थँक्यू दादा. बघतो." एवढाच.

पुढच्या शनिवारी गटातले काही जण ठरवून त्या रिसॉर्टवर गेले. मॅनेजरनं नमुन्याला म्हणून एक केग, म्हणजे स्टीलचं पिंप, घेतलं होतं. एकानं लिहिलं, जळकट वास आहे, थोडा दबलेला. दुसऱ्याला रबर जाणवलं. बँकवाल्यांनी क्रमांक घालून चार दोष दिले. कोल्हापूरच्या बाईंनी बाटली मागवून घेतली होती. त्यांनी लिहिलं, "पहिल्यांदा मला काही आला नाही. मग तुमचं परीक्षण पुन्हा वाचलं, घोट घेतला, तेव्हा आला." सगळ्यांची मिळून सरासरी साडेतीनच्या आसपास. मॅनेजरनं त्याला फोनवरचं पान दाखवलं आणि केग परत नेऊन ठेवा म्हणाला.

परीक्षण लिहिल्यापासून अकराव्या दिवशी बायको मोसंबं सोलत होती. मी पेपर वाचत होतो. तोच वास आला. जळलं प्लॅस्टिक, सडका कांदा. मी उठून गॅस बघितला, वायरी बघितल्या.

"काय शोधताय?" ती म्हणाली.

"काहीतरी जळतंय."

"मोसंबं सोलतेय मी."

तिनं एक फोड माझ्या नाकाशी धरली. मी खुर्चीत बसलो. संध्याकाळी कॉफीला तोच वास आला. दुसऱ्या दिवशी फोडणीला. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सांगायला लाज वाटते, बायकोच्या केसांना. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं की वासाच्या नसा परत जुळताना कधी कधी चुकीच्या जुळतात, बऱ्याच जणांना असं होतं, लिंबू, कॉफी, कांदा, धणे अशा गोष्टींना जास्त. काही महिन्यांनी सुधारेल, कदाचित नाही सुधारणार. त्यांनी सहज विचारलं, "कामाशी वासाचा काही संबंध?" मी नाही म्हणालो.

म्हणजे अकराव्या दिवशी मला कळलं होतं. त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहिल्या असत्या तर मॅनेजरला फोन करता आला असता, बिअर पुन्हा चाखता आली असती. मी लिहिलं नाही. आधी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊन येऊ. मग म्हटलं, आणखी इतक्या जणांना वास आला, ते काय सगळे खोटे? कदाचित दोष खरंच असेल, माझ्या बिघडलेल्या नाकाला योगायोगानं सापडला असेल. नाकानं कांदे सोलणाऱ्या माणसाला स्वतःची बाजू मांडायला फार अक्कल सुचते. बायको म्हणाली, "त्याला फोन करा." मी म्हणालो, करतो. ती रोज म्हणायची आणि मी रोज करतो म्हणायचो. मग ती म्हणायची बंद झाली, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

सात महिने गेले. गटात मी लिहिणं कमी केलं, प्रकृतीचं कारण सांगितलं. पहिल्या वासाचा मान कुणी दुसऱ्यानं घेतला नाही. माझ्यासाठी जागा राखून ठेवली होती.

एका सोमवारी कंपनीची बस रस्त्याच्या दुरुस्तीमुळे नेहमीच्या वाटेनं न जाता त्याच्या शेडवरून गेली. शेडचं शटर वर होतं आणि बाहेर टेंपो उभा होता. चार माणसं स्टीलची उंच टाकी आडवी करून टेंपोत चढवत होती. तो खाली उभा राहून दोरी धरत होता. बस पुढे गेली. मी खिडकीतून मागे बघत राहिलो. शेजारचा म्हणाला, "कोण ओळखीचं?" मी म्हणालो, "हो."

घरी येऊन मी गटात सगळं लिहिलं. नाक कधी गेलं, मी काय काय ठोकून दिलं, त्या बिअरला काय झालं, मला कधी कळलं. काही झाकलं नाही. मी विनंती केली की सगळ्यांनी त्या बिअरचे गुण काढून टाकावेत.

पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. जोडलेले हात, लाल बदाम. 'केवढं धाडस.' 'असं कबूल करायला मोठं मन लागतं.' 'काळजी घ्या, आम्ही सोबत आहोत.' मला माणसं पुन्हा टाळ्या देत होती! गुणांचा विषय कुणी काढेना. मी पुन्हा लिहिलं तेव्हा बँकवाले म्हणाले, "एक, तुमच्या नाकाबद्दल सहानुभूती आहे. दोन, पण आम्हाला वास आला होता त्याचं काय? आम्ही खोटं लिहिलं, असं तुमचं म्हणणं आहे का?" त्यांच्या मागून चार जण आले. सगळ्यांना वास आला होता. एकाला तर आठवणीनंसुद्धा येत होता. पान चालवणाऱ्यानं कळवलं की ज्यानं त्यानं आपापले गुण बदलावेत, दुसऱ्याचे काढता येत नाहीत. मी माझे तीन काढले. रात्रीपर्यंत बाईंनी त्यांचे काढले आणि खाली एक ओळ लिहिली, "मला वास आला नव्हता." बाकी पान जसंच्या तसं राहिलं. या माणसांनी माझा जीव वाचवायला धडपड केली होती, आणि त्यातल्या एकालाही वाईट म्हणवत नव्हतं. तरीही त्या संध्याकाळी मला त्या सगळ्यांची शिसारी आली, आणि माझी सगळ्यात जास्त.

रविवारी लोधिवलीला गेलो. त्याचं घर गावाच्या टोकाला, मागे खाचरं. दारात त्याची बायको तांदूळ पाखडत होती. मी नाव सांगितलं.

"तुमीच का ते दादा," ती म्हणाली. "बसा. हे मागं हायत."

तो आला. वाळला होता. मला बघून खरंच खूश झाला, हे मला सहन झालं नाही. "कधी आलात? तब्येत बरी हाय ना? गटात लिहीत नाय तुमी हल्ली." म्हणजे तो अजून वाचत होता. फक्त गेल्या आठवड्यातलं त्यानं वाचलं नव्हतं. फोनचा रिचार्ज संपला होता म्हणाला.

मी चहा यायच्या आत सांगून टाकलं. बसल्या जागी, त्याच्याकडे न बघता. मग त्याची बायको सुपासकट उठून पुढे आली.

"म्हंजे बिअरला वास नव्हताच?"

"नव्हता."

"आन हे तुमाला कवा कळलं?"

"अकरा दिवसांनी."

"आन आज येताय," ती म्हणाली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. मी माफी मागितली. ते शब्द इतके हलके वाटले की पुन्हा मागायचं धाडस झालं नाही.

त्याला राग येईल अशी मी वाट बघत होतो. पण तो काहीतरी जुळवत असल्यासारखा जमिनीकडे बघत होता.

"दादा, मी तर रोज वास घ्यायचो," तो शेवटी म्हणाला. "मला धण्याचा यायचा. लिंबाच्या सालीचा यायचा. जळकट काय नाय. पाइप बदलले, पाणी बदललं, धणे भाजायचे बंद केले. परत वास घेतला, परत काय नाय. मंग म्हटलं, दादांना येतोय म्हंजे हाय. मलाच येत नाय. माझं नाक गेलं."

"तुझं नाक गेलं नव्हतं."

"चार टाक्या वतून दिल्या मी. मागच्या नाल्यात. वतताना पन बघत व्हतो, येतो का. नाय आला."

"ह्यांना मी खोपोलीला नेलं, नाकाच्या डाक्टरकडं," बायको म्हणाली. "त्यो म्हनला, नाक चांगलं हाय. हे म्हनतात, त्याला काय कळतं. रसायनीला दुसऱ्या एका कंपनीत लॅबमधी जागा निघाली व्हती, घरी निरोप आला, या म्हनून. हे गेले आन सायबाला सांगून आले, माझ्या नाकावर इस्वास ठेवू नका. आता तिथंच गोनी शिवतात पॅकिंगला."

मी तिला म्हटलं की मी उद्याच त्या साहेबांशी बोलतो, लिहून देतो.

"सायबाला काय सांगता, ह्यांना सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि रडवेला झाला होता. "रोज सकाळी मला डबे आनायला लावतात. डोळे मिटून बसतात, मी नाकाशी धरते. हिंग, हळद, सुंठ, सगळं बरोबर सांगतात. एकदा पन चुकले नाय. तरी म्हनतात, तू मला बरं वाटावं म्हनून हो म्हनतेस. थांबा, दावते तुमाला."

"राहू दे गं," तो म्हणाला. पण ती आत गेली आणि पितळेचा एक डबा घेऊन आली. त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्यानं माझ्याकडे एकदा ओशाळून पाहिलं आणि डोळे मिटले. तिनं झाकण काढून डबा धरला. त्यानं तळहातानं वारा ओढला, जसा मी शिकवला होता तसा, अगदी हळू. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही.

"ओवा," तो म्हणाला.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिनं हो म्हटलं नाही, मुद्दाम म्हटलं नाही. त्यानं डोळे उघडले, पण डब्यात बघितलं नाही. मला धड वास येत नाही हे मी त्याला आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"ओवाच ना, दादा?" त्यानं विचारलं.